धाकूने पाहिलेले पाय

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या एका गावात धाकू नावाचा एक होडीवाला राहत होता. माणसांना या तीरावरून त्या तीरावर नेणे हे त्याचे काम. हात त्याचे पक्के होते, पण डोळे मात्र भलतीकडेच. लाटेला घाबरल्यासारखे दुडुदुडु पळणारे तुतवार आणि हवेत तरंगणारे कुरव हे पक्षी, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्या, बिळातून डोकावणाऱ्या कुर्ल्या, यातले काही दिसले की धाकूचे वल्हे हातातल्या हातात थांबायचे. लोक हसायचे. तो म्हणायचा, "वायच थांबा, ता काय करता बघूया!"

एके दिवशी एका खंड्याने चोचीत मावेना एवढा मासा धरला. आता हा गिळतो कसा, म्हणून धाकू बघत राहिला. होडी वाहवत जाऊन आपटली आणि बाजाराला निघालेल्या एका बाईची बांगडे माशांची पाटी पाण्यात गेली. खंड्याने मासा गिळला, पण बाईने धाकूला गिळायचे तेवढे बाकी ठेवले.

गावाचे मानकरी होते आबा गावकर. त्यांनी खाडीच्या तोंडाशी खोल पाण्याच्या दोन्ही बाजूंना, होडीने मधूनच जावे म्हणून, दोन बांबू रोवले आणि धाकूला देवीपुढे उभे केले. नारळ ठेवला, गाऱ्हाणे घातले.

"धाकू, लोकांचो जीव तुझ्या हातात आसा. होडयेत असताना पाखरां बघूची नाय. नजर बांबूर. शपथ मोडलंस तर होडी दुसऱ्याक."

धाकूने शपथ घेतली. दुसरा धंदा त्याला येत नव्हता आणि देवीची भीतीही होती.

त्या दिवसापासून बिचाऱ्याचा गोंधळ सुरू झाला. पाखरे दिसेनाशी झाली, पण ऐकू येतच राहिली. ऐकणे म्हणजे बघण्यातच जमा की काय? पाण्यात सावली पडली तर ते पाखरू की नुसती सावली? त्याने आबांना विचारले, "आबा, आयकलेला चालता काय?" आबांनी बराच वेळ विचार केला. "आयक," ते म्हणाले, "पण जास्त नको." म्हणजे किती, ते त्यांनाही सांगता येईना. धाकू मान न वळवता, बांबूंवर नजर रोवून वल्हवत राही. त्याला काही गोड लागेना.

मग एकदा तीन दिवस उधाण आले. चौथ्या दिवशी वारा पडला, समुद्र शांत झाला. बांबू जागच्या जागी उभे होते. त्याच दिवशी आबांच्या नातीचे, शेवंताचे, पलीकडच्या तीरावर लग्न होते. मुहूर्त दुपारचा. हळद लागलेली शेवंता, आबा आणि घरची मंडळी होडीत बसली. ओहोटी लागली होती आणि पाणी जोराने समुद्राकडे ओढत होते.

होडी बांबूंच्या जवळ आली, तेव्हा धाकूच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरे हलले. दोन बांबूंच्या अगदी मधोमध. त्याने झटकन मान खाली घातली.

पण मन खाली बसेना. ते पाखरू तरंगत असेल तर पाणी खोल. पण उभे असेल तर? उधाणाने वाळू सरकली असेल, तर होडी रुतेल आणि मागून येणारी लाट ती उलटी करील. बघायलाच हवे. पण हे खरेच लोकांच्या जिवासाठी, की आपल्या डोळ्यांची जुनी खोड निमित्त शोधते आहे? धाकूला काही केल्या कळेना. आपलेच मन आपल्याशी खोटे बोलते आहे की खरे, हे त्याला आयुष्यात कधी विचारावे लागले नव्हते. त्याला घाम फुटला. बांबू जवळ येत होते.

शेवटी त्याने शेवंताच्या मुंडावळ्यांकडे बघितले, देवीला मनात हात जोडले आणि मान वर केली. पाय दिसले. काडीसारखे, अर्धे पाण्याबाहेर.

त्याने सगळा जोर लावून होडी वळवली.

"धाकू! बांबू सोडून खय चललंस?" आबा ओरडले. "तू पाखरां बघलंस!"

"बघलंय, आबा," धाकू म्हणाला आणि जिथे एकही पाय दिसत नव्हता, तिथून लांबच्या वळशाने होडी नेऊ लागला. मुहूर्त टळला. पलीकडे पोचल्यावर भटजींनी संध्याकाळचा दुसरा मुहूर्त काढला, पण आबांनी धाकूकडे पाहिलेसुद्धा नाही.

तेवढ्यात कोणीतरी खाडीकडे बोट दाखवले. पाणी उतरले होते. दोन बांबूंच्या मधोमध वाळूची पाठ वर आली होती आणि तिच्यावर लाटा आपटून फुटत होत्या. पाखरे मात्र मजेत तिच्यावर चालत होती. मंडळींनी देवीला हात जोडले.

धाकूला मात्र आनंद होईना. तो आबांपुढे जाऊन उभा राहिला. "आबा, शपथ मोडली. होडी कोणाक देऊची ती द्या."

शपथ मोडली म्हणून आबांनी रागवावे, की मोडली म्हणून पाया पडावे? तेव्हा शेवंताच म्हणाली, "धाकूकाका, खयचा पाखरू व्हता ता?"

धाकू गोंधळला. डोके खाजवत म्हणाला, "माका ठावक नाय गो. शपथ व्हती ना! मी फक्त पायच बघले."

सगळे हसले. आबा हसता हसता रडले.

दुसऱ्या दिवशी आबांनी देवीपुढचा तो नारळ उचलला, माफीचे गाऱ्हाणे घातले, नारळ फोडला आणि पहिले भकल धाकूच्या हातावर ठेवले.

"खा," ते म्हणाले. "आणि आता आख्खा पाखरू बघ."

तात्पर्य: भोवतालच्या जिवांकडे हौसेने बघणे हा रिकामपणा नव्हे; ज्यांना आपण आनंदाने ओळखतो, तेच अडचणीच्या वेळी आपल्याला वाट दाखवतात.