पहिला नंबर धोंडोपंतांचा

त्या राज्यात नळाला पाणी येत नसे. रांग मात्र होती, आणि ती मोठी शिस्तीची होती. राज्यात राहत ती सगळी भांडीच. कोणी पितळेचे, कोणी तांब्याचे, कोणी पत्र्याचे, कोणी मातीचे. प्रत्येक पेठेला एक नळ, प्रत्येक नळाला एक रांग आणि प्रत्येक रांगेला एक रहिवासी मंडळ, अशी चोख व्यवस्था पूर्वजांनी लावून दिली होती. पाण्याचीही काहीतरी व्यवस्था त्यांनी केली असणारच, पण तिचे कागद सापडत नव्हते.

खालच्या पेठेतल्या मंडळाचे अध्यक्ष होते पितळी हंडा. पोट मोठे, आवाज घुमणारा. आत काही नसले की आवाज जास्तच घुमतो हे साऱ्या पेठेला ठाऊक होते, पण एवढ्या मोठ्या भांड्याला कोण बोलणार? चिटणीस होती झारी. तिच्या नळीत शुक्राचार्य ठाण मांडून बसले आहेत अशी कुजबुज असे, कारण मंडळाकडे दिलेला अर्ज तिच्यात आत जाई तो पुन्हा बाहेर पडलेला कोणी पाहिला नव्हता. अक्षर मात्र काय वळणदार! दर सोमवारी सकाळी नळाशेजारच्या फळ्यावर ती खडूने पेठेच्या बातम्या लिही, आणि कोरड्या पडलेल्या भांड्यांना निदान वाचायला तरी काही मिळे.

"नळाला नवा रंग देण्यात आला. रंग आकाशी. सर्वांनी पाहून घ्यावा." "नळाच्या वाढदिवसानिमित्त घेतलेल्या रांगोळी स्पर्धेत पहिला क्रमांक सर्वांना विभागून." "काही सभासद नळाकडे निराश नजरेने पाहताना आढळले. असे करू नये. नळाच्या मनावर परिणाम होतो." आणि सर्वांत खाली, कायमची, पुसून पुसून पुन्हा लिहिलेली ओळ: "पाणी लवकरच."

आता दिवसभर उन्हात उभे राहायचे म्हणजे चेष्टा नव्हे. म्हणून पेठेत एक जुनी रीत होती. घरी काम निघाले, अंग दुखले, किंवा नुसताच कंटाळा आला, तर आपल्या जागेवर एक दगड ठेवावा आणि खुशाल जावे. दगड आहे तोवर नंबर आहे. तपेल्याने दगड ठेवला, बादलीने ठेवला, घंगाळाने तर दोन ठेवले, कारण ते रुंद होते. अध्यक्षांचा नंबर पहिला. पण अध्यक्षांना सभा असत, सत्कार असत, इतर पेठांतल्या रांगा पाहायला जायचे असे. त्यांनी सगळ्यांत आधी दगड ठेवला, आणि ठेवला तोही स्वतःला शोभेल असा, चांगला थोराड. बासष्ट नंबरांच्या त्या रांगेत होता होता अठ्ठेचाळीस जागी दगड आले.

दगडांमुळे पेठेचे फार भले झाले, हे कबूल केलेच पाहिजे. रांगेतली भांडणे बंद झाली. कुणी कुणाला धक्का देईना. पूर्वी सभेला गणसंख्या भरत नसे. मग झारीने ठराव मांडला की जागेवर असलेला दगड हजर धरावा, आणि तेव्हापासून एकही सभा तहकूब झाली नाही. दोन वर्षांनी दगडांना सभासद करून घेतले. त्याच्या पुढच्या वर्षी, मंडळाच्या वर्धापनदिनी, "आदर्श रहिवासी" हा मान अध्यक्षांच्या दगडाला मिळाला. फळ्यावर झारीने लिहिले: "श्री. धोंडोपंत, क्रमांक एक. एकही गैरहजेरी नाही. एकही तक्रार नाही. पाण्यावाचून कसे राहावे याचा वस्तुपाठ." टाळ्या पडल्या. गळ्यात घालायला मान नव्हती म्हणून हार नुसताच वर ठेवला. समारंभ उरकल्यावर पाहावे तो धोंडोपंतांच्या माथ्यावर बोटभर शेंदूर! कुणी लावला ते शेवटपर्यंत कळले नाही. शेंदराचे असेच असते, लागलेला दिसतो, लावणारा दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून येणारे-जाणारे वाकून नमस्कार करू लागले आणि अध्यक्षांनाही आपल्या दगडाचा जरा अभिमानच वाटला.

दुसऱ्या नंबरावर एक मातीची घागर उभी असे. ती स्वतः उभी असे, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण पेठेत तिची त्यावरून थट्टा होई. तिने दगड कधी ठेवला नव्हता. "दगड ठेवला आणि नेमके तेव्हाच पाणी आले तर?" असे ती विचारी, आणि सगळी रांग खो खो हसे. पाणी आले तर म्हणे!

पण तिला एक घोर लागला होता. तिची थोरली बहीण, तीही घागरच, एका वर्षी पायरीवरून पडली आणि निम्मी फुटली. उरलेल्या निम्म्या पोटात माती भरून ती गटाराच्या खालच्या टोकाला, भिंतीच्या आडोशाला बसून असे. त्या मातीत कुठून तरी एक लिंबाची बी पडली आणि रुजली. वीतभर रोप. साऱ्या पेठेत हिरवे म्हणावे असे तेवढेच. बहीण बोलत नसे फारशी, पण रोपाला नवे पान आले की तिचा चेहरा खुले. मंडळानेही लगेच दखल घेतली. फळ्यावर "मंडळाचा हरित पेठ उपक्रम" म्हणून रोपाची बातमी आली. त्यापलीकडे मंडळाने त्याला थेंबभरही काही दिले नाही. थंडीत दंवावर भागले. उन्हाळा लागला तशी पाने गळू लागली. अकरा होती, सात झाली, मग चार.

"ताई, पाणी आले की पहिला घोट तुझा," घागर रोज सांगून येई.

"माझा नको गं. ह्याचा," बहीण म्हणे.

चार पाने उरली तेव्हा घागर अर्ज घेऊन झारीकडे गेली. अर्ज साधा होता: ज्या दिवशी पाणी येईल त्या दिवशी दगड बाजूला करावेत आणि हजर असलेल्या भांड्यांनी पुढे सरकावे.

झारीने अर्ज दोनदा वाचला. "घागरबाई, तुम्ही सभासदांनाच बाजूला करा म्हणताय?"

"सभासद नाहीत ते, चिटणीसबाई. दगड आहेत."

"शब्द जपून वापरा," झारी म्हणाली. "काही झाले तरी सभेपुढे ठेवते."

आणि खरेच ठेवला. तो एकमेव अर्ज जो बाहेर आला, आणि का आला ते सभेत दिसले. कळशी तिसऱ्या नंबरावर होती, घागरीची जिवाभावाची. सभेआधी ती घागरीच्या कानाशी लागून म्हणाली, "मी आहे हो तुझ्या बाजूने! अगदी मनापासून. लिंबू आले की लोणचे घालू आपण." अध्यक्षांनी घुमून विचारले, "ठरावाच्या बाजूने कोण? कान वर करा." घागरीने मान ताठ केली. एका कोपऱ्यातून एका पोचे पडलेल्या डब्याचा कान हळूच वर झाला. कळशीला नेमके तेव्हाच आपल्या बुडाशी काहीतरी चिकटले आहे असे वाटून ती वाकून पाहत बसली. "विरोधात कोण? मौन असेल तर विरोध धरला जाईल," झारी म्हणाली. अठ्ठेचाळीस दगडांनी एकमुखाने मौन पाळले. ठराव पडला. फळ्यावर बातमी आली: "सभा खेळीमेळीत पार पडली."

"अगं, तेव्हाच मेली पाठ धरली माझी," कळशी नंतर म्हणाली. घागर आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटले होते.

आणि मग, रोपाला दोन पाने उरली असताना, एका गुरुवारी चांगल्या लख्ख सकाळी, नळ खाकरला.

पहिल्यांदा कुणी लक्ष दिले नाही. मग तो पुन्हा खाकरला, थुंकला, तांबडा गंज ओकला आणि एकदम धो धो सुटला. पाणी! खरे, गार, मनगटाएवढ्या धारेचे पाणी! सगळी पेठ धावत सुटली. तपेली, बादल्या, पातेली, घंगाळ, जो तो आपापला दगड उचलून आपापल्या जागी उभा राहिला. नियम मोडायचा प्रश्नच नव्हता, ज्याचा दगड त्याने उचलला. हंडा तर सत्कार अर्धा टाकून, गळ्यात हार तसाच घेऊन आला. "सरका, सरका, पहिला नंबर माझा!" म्हणत त्याने धोंडोपंतांना हात घातला.

"अहो अध्यक्ष!" घंगाळ ओरडले. "देवाला उचलता?"

हंडा जागच्या जागी थबकला. मागे साठ भांड्यांचे डोळे त्याच्यावर. शेंदूर बोटाला लागला होता. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले आणि उचलायला पसरलेले हात तसेच पुढे आणून जोडले. "छे छे," तो म्हणाला, "मी नमस्कारच करत होतो." जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज घुमला नाही.

धार धोंडोपंतांच्या माथ्यावर पडत होती, तिथून चारी बाजूंनी उडत होती आणि लाल होऊन गटाराला लागत होती. "अभिषेक झाला हो, अभिषेक!" कुणीतरी म्हणाले आणि सगळ्यांनी हात जोडले. घागरीने तेवढे जोडले नाहीत.

"चिटणीसबाई," ती म्हणाली, "एक नंबर हजर नाही. दोन नंबर मी. मला पुढे येऊ द्या."

"एक नंबर हजर आहे," झारी म्हणाली. "समोर दिसतोय. त्यांचे भरून झाले की तुमची पाळी."

"त्यांचे भरायचे कसे? त्यांना पोट तरी आहे का?"

"ते आपण कोण ठरवणार?" झारीने मान वाकडी करून धोंडोपंतांकडे नीट पाहिले.

"भरत आलेत का?" मागून हंड्याने विचारले. त्याला आता नंबरच उरला नव्हता, म्हणून तो बाजूला उभा होता.

"अजून नाही," झारी म्हणाली.

सगळे थांबले. काय सांगावे, इतक्या शांतपणे थांबले की बघणाऱ्याला कौतुक वाटावे! धार पडत होती, वाहत होती, वाया जात होती. पाव तास गेला. अर्धा तास गेला. मधूनमधून हंडा विचारी, "आता?" आणि झारी वाकून पाहून सांगे, "अजून नाही." घागरीला भिंतीच्या आडोशाचे रोप इथूनही दिसत होते. तिच्या डोळ्यांदेखत त्याच्या दोन पानांतले एक गळून पडले.

ती रांगेतून बाहेर निघाली.

"घागरबाई! पाऊल बाहेर पडले की नंबर गेला!" झारी किंचाळली.

"जाऊ दे मेला," घागर म्हणाली. ती सरळ गटाराकाठी गेली, आडवी झाली आणि दगडावरून वाहून आलेल्या त्या लालसर, गढूळ पाण्यात तोंड घालून भरभरून प्यायली. रांगेतून "ई ऽऽ" असा एकच सूर निघाला. गटारात! चांगल्या घरची घागर आणि गटारात! मग ती उठली, अंगावरून पाणी निथळत, हिंदकळत, निम्मे सांडत, निम्मे सांभाळत भिंतीकडे पळत गेली आणि बहिणीच्या मातीत ओतती झाली. कोरडी माती चर्र करून पीत राहिली. बहीण रडत होती की हसत होती ते लांबून कळले नाही.

इकडे रांगेत मोकळी जागा दिसायला बरी नाही, म्हणून झारीने कडेचा एक दगड आणून दोन नंबरावर ठेवला आणि फळ्यावर लिहिले: "बेशिस्त सभासदाचे नाव कमी करण्यात आले. रांग पूर्ववत."

कळशी हे सगळे पाहत होती. गटार तोवर तुंबले होते आणि पाणी रांगेच्या पायांखाली आले होते. ते तिच्या बुडाला लागले. गार. ती थोडीशी वाकली, अगदी थोडीशी, तोंड पाण्यापासून चार बोटांवर आले. तेवढ्यात तिला वाटले की कुणी बघत असेल.

"चिटणीसबाई," तिने विचारले, "माझा नंबर तिसराच ना हो अजून?"

"तिसराच. पुढे दोघेच आहेत."

कळशीने पुढे पाहिले. पहिला शेंदराचा, दुसरा आज ठेवलेला. पाणी तिच्याभोवती वाहत होते. तिने आपले तोंड पुसले, पदर सावरला आणि सरळ उभी राहिली.