चौघड्याच्या वेळची वीज

'पारेषण' म्हणजे दूर तयार झालेली वीज उंच मनोऱ्यांवरच्या तारांनी गावापर्यंत आणणे. देयकात विजेचे मोल वेगळे आणि या आणण्याचे शुल्क वेगळे असते. एवढे ध्यानात ठेवावे.

डोंगर ओलांडून तारा नुकत्याच आल्या होत्या, त्या काळी एका खोऱ्यात पोह्यांच्या गिरणीची एक मालकीण होती. तिथली रीत अशी, की पहाटे देवळात चौघडा झडला की साऱ्या गिरण्या एकदम सुरू व्हायच्या. मागे राहणे कमीपणाचे मानले जाई.

मालकिणीचे देयक वाढत चालले. तिने पंखे काढले, दिवे निम्मे केले. तरी फारसा फरक पडेना. आणखी एक हंगाम असाच गेला, तर गिरणीला कुलूप लागणार आणि कांडपावरच्या बायका घरी बसणार, हे तिला स्वच्छ दिसत होते. ती तडक वीजघरात गेली.

"दिवे मालवून काय होणार, बाई?" अभियंता म्हणाला. "सारे खोरे सर्वांत जास्त वीज ओढते, त्या घटकेला पुरतील एवढ्या जाड तारा आम्हाला ठेवाव्या लागतात. त्या घटकेला ज्याची ओढ मोठी, त्याच्यावर पारेषणाचा भार मोठा."

"आणि ती घटका चौघड्याची?"

"दुसरी कुठली!"

त्या संध्याकाळी मालकिणीने भात मुद्दाम उशिरा भिजत घातला. आता उन्हे वर आल्याखेरीज तो कांडायला येणार नव्हता. माघारीची वाट तिनेच बंद केली.

पहाटे चौघडा झडला. तिची गिरणी तेवढी मुकी. शेजारचा तेलगिरणीवाला दारात येऊन म्हणाला, "काय वहिनी, देव जागा झाला, तुम्ही नाही झालात?"

"देवाला देयक येत नाही, भावजी," ती म्हणाली आणि भाताकडे वळली.

तो हंगाम तिने टोमणे ऐकत काढला. शुल्क उतरले, एकाही बाईचे काम गेले नाही. ते पाहून सगळेच उन्हे वर आल्यावर यंत्रे लावू लागले. गर्दी तिच्या वेळेवर आली आणि शुल्क पुन्हा चढले.

तिने सर्वांना देवळाच्या ओसरीवर बोलावले. "भावजी, तुमचा घाणा दुपारी. पहाट ज्याला सोडवत नाही, त्याने ती एकट्याने घ्यावी." कुरकुर झाली, पण वेळा वाटल्या गेल्या आणि साऱ्यांचाच भार हलका झाला.

तात्पर्य: सामाईक वाटेचा भार गर्दीच्या क्षणी ठरतो, शहाण्यांनी तो क्षण आपसात वाटून घ्यावा.

'बाईने वीज वाचवली' अशी ही कथा सर्रास सांगतात. ते चुकीचे आहे. तिने पूर्वीइतकाच भात कांडला, कांडपाला पूर्वीइतकीच वीज वापरली. सोडली ती फक्त सर्वांबरोबर धावण्याची हौस.