आवडाबायची फेरी

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा चिमूटभर जास्त खारट होता तेव्हाची गोष्ट. कोंबडवेळच्या किनाऱ्यावर रापण लागायची. रापण म्हणजे अख्ख्या गावाने दोर धरून ओढायचं जाळं. जाळं वर आलं की रापणीचा म्होरक्या हरबा तांडेल मासळी वाटायचा, एका फेरीत दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला एक. मनाला येईल तिथे थांबायचा आणि म्हणायचा, "उरला ता तांडेलाचा."

आवडाबायचा नवरा माडावरून पडून खाटेला खिळलेला. घरात तोंडं पाच, वाट्याला बांगडे चार. पाचवं तोंड, म्हणजे तिचं स्वतःचं, नुसती पेज पिऊन झोपायचं.

एके दिवशी दोरावर तेवीस माणसं होती. चार फेऱ्या झाल्या आणि हरबाने टोपली काखोटीला मारली. आवडाबायने टोपलीचा काठ धरला. असं म्हणतात, असा धरला की भरतीसुद्धा जागच्या जागी थांबली.

"तात्यानू, टोपलेत किती?"

"एकतीस. मगे?"

"आणि माणसा तेवीस. मगे फेरी खय संपली?"

हरबाने हाताची बोटं मोजली, मग पायाचीही मोजली. ती वीसच भरली. तोवर सगळे ओढणारे टोपलीभोवती आले होते. पाचवी फेरी झाली. उरले आठ.

"आता सगळ्यांका पुराचे नाय," आवडाबाय म्हणाली. "ही खरी बाकी."

"मगे ती तरी माझी?"

"दोर धरूक जे येऊक शकले नाय, त्यांची."

"तुझ्या घोवाची, असा सांग मा!"

"माझ्या घराक पाचवो गावलो, तात्यानू. हे दुसऱ्यांचे."

तिने आठ बांगडे आठ दारांवर टांगले. एक आंधळ्या सुताराच्या, एक बाळंतिणीच्या, असे. असं म्हणतात, त्या आठ बांगड्यांच्या वासाने सातासमुद्रांची मासळी कोंबडवेळला यायला लागली.

पुढे आवडाबायच्याही हातून दोर सुटला. मग बाकीतला एक बांगडा तिच्या दारी जाऊ लागला. पण एकदा वाटणी नेमकी झाली. टोपली रिकामी. म्हातारीला काय द्यायचं? सगळे माना खाली घालून उभे. तेवढ्यात एका लाटेने वाळूवर एक बांगडा टाकला, असं म्हणतात.

अजूनही तिथे टोपलीतली मासळी माणसांपेक्षा कमी झाल्याशिवाय फेरी थांबत नाही. आणि काहीच उरलं नाही, तर आवडाबायच्या नावाने सगळे लाटेची वाट बघतात. लाटेला उशीर झाला, तर कोणीतरी हळूच आपला एक बांगडा वाळूवर सोडतो. बाकीचे तेवढा वेळ आभाळाकडे बघतात.