ढोलीची फट

रानात माणसाची वाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते, दार आतून लिंपून घेते आणि पंखांची पिसं गाळून बसते. तिला उडता येत नाही. नर बारक्या फटीतून उंबरं भरवतो.

ढोलीत पिल्लू असतानाच एका नराचं बायकोशी बिनसलं आणि त्याने उंबरं आणणंच बंद केलं. पिल्लू भुकेनं ओरडायला लागलं. मादीने फटीतूनच शेकरूआजीला हाक मारली, कारण रानाचा न्याय तीच करायची.

नर तोऱ्यात म्हणाला, "आजी, आमचं मोडलं. ही नुसती बसून खाते. आणतो मी, तर पिल्लूही माझं."

आतून मादी कडाडली, "विचारा त्याला, पिल्लाला पिसं फुटलीत का ते!"

नराने आत कधी डोकावलंच नव्हतं.

आजी म्हणाली, "तुमचं मोडलं असेल, पिल्लाची भूक मोडली नाही. ते आईपाशी राहील. दोघं उडेपर्यंत उंबरं तूच आणायची."

"आणि मला पिल्लू कधी भेटणार?"

"रोज भेटेल की. उंबर घेऊन चोच फटीत घाल. पलीकडे जे तोंड उघडेल ना, ते तुझं पिल्लू."