सात बंड्यांवरची जास्वंद

फार फार वर्षांपूर्वी, रंग जेव्हा झाडांच्या सालींतून आणि मुळांतून काढावे लागत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी ती लहानांसाठीच आहे असं समजून उठून जाऊ नये.

एका राज्यात नदीकाठी एक रंगारी राहत होता. त्याच्या घराच्या भिंती सागवानी ठशांनी भरल्या होत्या. मोर, हत्ती, मासे, वेली. राज्यातल्या प्रत्येक गावाचं निशाण त्या भिंतींवर टांगलेलं होतं. या घरात नुकतीच लग्न होऊन एक धाकटी सून आली होती. ती कमी बोलायची. नव्या सुनेनं कमीच बोलावं असं घरचे म्हणत, आणि ती बोलली नाही की "हिच्या मनात काय चाललंय कुणास ठाऊक," असंही घरचेच म्हणत. म्हणून तिनं नुसतं बघायचं ठरवलं होतं. बघण्याला अजून कुणी नावं ठेवली नव्हती.

तिचं माहेर म्हणजे घाटावरची एक चिमुकली वाडी. वाडीला स्वतःचा बाजार नव्हता. तिची आई मधाचं मडकं आणि आवळ्यांची पाटी घेऊन घाट उतरायची आणि खालच्या मोठ्या गावच्या बाजारात बसायची. जागा गाव देईल ती. आणि गाव जागा द्यायचं गुरांच्या पाण्याच्या कुंडाशेजारी, चिखलात. "वाडीवाल्यांनी तिकडं," एवढंच तिथले लोक म्हणायचे, तेही तोंड दुसरीकडे करून.

त्या वर्षी राजानं दवंडी पिटवली. यंदाच्या जत्रेत जी वाडी स्वतःचे गडी घेऊन, स्वतःचं निशाण छातीवर लावून हुतूतू खेळेल, ती यापुढं गाव म्हणून मोजली जाईल. हरो की जिंको. तिला तिचा बाजार मिळेल.

वाडीत खेळण्याजोगे गडी होते सात. बरोब्बर सात, आठवा म्हातारा होता आणि नववा रांगत होता.

सुनेचा धाकटा भाऊ सात कोऱ्या बंड्या खांद्यावर टाकून रंगाऱ्याच्या दारी आला. "छातीवर जास्वंद हवी," तो म्हणाला. "आमच्या देवीच्या दारात आहे तशी. लालभडक."

रंगाऱ्यानं बंड्या बघितल्या. मग बंड्यांच्या मागे आणखी काही आहे का तेही बघितलं.

"सातच?"

"सातच आहोत आम्ही."

"अरे बाबा, सात बंड्यांसाठी ठसा कोरायचा म्हणजे मुंगीच्या लग्नाला मांडव घालायचा. ठसा कोरून होईतो जत्रा उठेल. शे-दोनशे बंड्या असत्या तर गोष्ट वेगळी."

"मग कलमानं काढा. हातानं."

"कलमाला बैठक लागते. एकेक बंडी मांडीवर घ्यायची आणि एकेक पाकळी भरत बसायचं. मोठ्या गावच्या तीनशे बंड्या पडल्यात माझ्याकडे. सातांसाठी कोण बसणार?"

सासूबाईंची कलमं कोनाड्यातल्या गाडग्यात होती. त्यांच्या टोकांवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. भावानं एकदा त्या गाडग्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि तो बंड्यांची घडी घालू लागला.

सून तेव्हा हौदापाशी मोठ्या गावचा ठसा धूत होती. त्या गावचं निशाण घंटा. देवळातल्या घंटेची कड एका जागी तुटलेली होती, आणि कोरणारा इतका इमानी की त्यानं तो टवकासुद्धा ठशात कोरला होता. सुनेनं ठसा निथळायला ठेवला, तो चुकून उलटा. आणि ती बघतच राहिली.

घंटेचा दांडा झाला होता देठ. पसरट कड झाली होती पाकळ्या. आणि मधून बाहेर डोकावणारा घंटेचा लोळा, तो तर हुबेहूब जास्वंदीचा तुरा.

"मामंजी," ती म्हणाली.

सगळे दचकले. सुनेचा आवाज एवढा मोठा आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

"हा ठसा उलटा धरला तर?"

रंगाऱ्यानं ठसा मंजिष्ठेच्या लाल रंगात बुडवला आणि एका चिंधीवर उलटा दाबला. चिंधीवर जास्वंद फुलली.

"अगं, डोकं आहे हो पोरीला!" तो ओरडला. "काळ्यानं घंटा, लालनं जास्वंद! एकाच ठशात दोन गावं!"

"त्या पाकळीला काय झालंय?" सासूबाईंनी टवक्यावर बोट ठेवलं.

"कीड लागली असेल," सून म्हणाली, आणि सगळे हसले. तिच्या बोलण्यावर त्या घरात प्रथमच कुणी हसलं होतं. सासूबाईंनी त्या दिवशी भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा घातला. नवरा तर असा मिरवत होता की ठसा जणू त्यानंच उलटा केला. सात फुलं कलमानं भरायला आपण बसू शकलो असतो, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण लोणी गोड होतं.

सातही बंड्या छापून, उकळून, वाळून तयार झाल्या. भावानं एक अंगात घालून बघितली आणि मान खाली घालून तो स्वतःच्या छातीकडे टक लावून राहिला.

"ताई, इथून बघितलं की हे काहीतरी ओळखीचं वाटतं गं."

"फूल समोरच्यानं बघायचं असतं, वेड्या," ती हसून म्हणाली. "घालणाऱ्यानं नाही."

जत्रेचा दिवस उजाडला. मैदानाच्या एका अंगाला राजा बसला, दुसऱ्या अंगाला माणसांची नुसती भिंत. मोठ्या गावचे गडी काळ्या घंटा छातीवर घेऊन उतरले, आणि त्यांच्यासमोर वाडीचे सात जण, सात लाल जास्वंदी घेऊन. सुनेची आई पुढं बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी "तिकडं" म्हटलं नव्हतं.

"आली बघा कुंडाजवळची मंडळी!" मोठ्या गावातून कुणीतरी ओरडलं.

"आज कुंडाजवळ तुम्हीच बसाल!" वाडीकडून उत्तर आलं.

भाऊ चढाईला गेला. हुतूतू, हुतूतू, हुतूतू. त्यानं एकाला शिवलं, दुसऱ्याला हुलकावणी दिली आणि तो वळला. तेवढ्यात मोठ्या गावच्या एका धिप्पाड गड्यानं त्याचे दोन्ही घोटे धरले आणि कोंबडं उचलावं तसं त्याला उलटं उचललं.

लोक हसले. आणि मग हसता हसता थांबले.

भावाची बंडी धोतरात घट्ट खोचलेली होती, म्हणून ती घसरली नाही. त्याचे पाय आभाळाकडे होते, डोकं जमिनीकडे होतं, आणि त्याच्या छातीवर, भर उन्हात, एक लालभडक घंटा लोंबत होती. कड तुटलेली.

सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं. भाऊ लोंबकळता लोंबकळता सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागला. काय झालं ते एकट्या त्यालाच दिसत नव्हतं.

"अगं बाई!" मोठ्या गावची एक म्हातारी उभी राहिली. "ही तर आमची घंटा! आमच्याच घंटेचा टवका तो!"

उरलेल्या सहा जणांनी मान खाली घातली. लाजेनं नव्हे, बघायला. आणि मग त्यांचे चेहरे पडले. समोरच्यांना जास्वंद दिसत होती, पण ज्यानं त्यानं वरून पाहिलं तर ज्याच्या त्याच्या छातीवर घंटाच होती. सकाळपासून होती.

"उलटी का होईना, आमचीच!" हशा उसळला. "आम्ही केव्हाचं सांगतोय, ही वाडी आमचीच म्हणून!"

राजा हसला नाही. "कुणी छापल्या या बंड्या?"

रंगारी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. नवऱ्याला अचानक जत्रेतले पाळणे फार आवडू लागले. सून त्या दोघांकडे पाहत होती. मग तिनं पदर सावरला आणि ती मैदानात गेली.

"ठसा मामंजींनी मारला, महाराज," ती म्हणाली. "पण उलटा धरायची युक्ती माझी."

"ही वाडी तुझी कोण?" राजानं विचारलं.

"माहेर."

परक्यानं केलं असतं तर राजाला एवढं आश्चर्य वाटलं नसतं. मग तो म्हणाला, "दुसऱ्याचं निशाण उलटं करून स्वतःचं होत नाही. वाडी यंदा गाव नाही. पुढच्या जत्रेला बघू."

भाऊ एव्हाना पायांवर उभा होता. त्यानं बंडी काढली, नीट घडी घातली आणि बहिणीच्या हातावर ठेवली. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सात फुलं होती गं, ताई," तो म्हणाला. "सातच."

पुढच्या बाजारी आई पाटी घेऊन घाट उतरली आणि कुंडाशेजारी जाऊन बसली. आता लोक "तिकडं" म्हणत नव्हते. तिला बघून नुसता घंटेचा आवाज काढत होते. पावसाळ्यात कुंडाजवळच्या चिखलात तिचा पाय घसरला आणि गुडघा मोडला. तो पुन्हा नीट सांधला नाही.

पुढच्या जत्रेआधी भाऊ आला नाही. सूनच घाट चढून माहेरी गेली. गाडग्यातली कलमं तिनं बरोबर घेतली होती. देवीच्या दारातल्या जास्वंदीखाली ती बसली आणि एकेक बंडी मांडीवर घेऊन एकेक पाकळी भरू लागली. एक फूल थोडं वाकलं, एकाचा तुरा लांबला, एक अर्धवट मिटलेलं निघालं.

जत्रेत राजानं सातही बंड्या पाहिल्या, उलट्या धरूनसुद्धा पाहिल्या. "यातली दोन फुलंही एकसारखी नाहीत," तो म्हणाला.

"झाडावर तरी कुठं असतात?" भाऊ म्हणाला.

वाडी गाव झाली. पहिल्या बाजाराच्या दिवशी सगळ्यांत दाट सावलीची जागा सुनेच्या आईला मिळाली. ती तिथवर चालत येऊ शकली नाही. मुलाच्या पाठीवर बसून आली.

म्हणून, मंडळी, एवढंच लक्षात ठेवा: जे काम आपल्याला थोडं वाटतं ते समोरच्याचं सगळं असू शकतं, तेव्हा ते उसन्या ठशानं उरकू नये.