आंजेलाबायचं बावखल

हे तळं बघताय ना, याला आमच्याकडे बावखल म्हणतात. वाडीला पाणी लावायचं ते यातूनच. समुद्र हाकेच्या अंतरावर, आसपासच्या विहिरी खाऱ्या, आणि हे एकटं गोड. ही करणी एका गुलाम बाईची. रोमने तिला अजून संत केलेलं नाही. आम्ही काही वाट बघत बसलो नाही.

फिरंग्यांच्या काळात ही वाडी दों जेरोनिमो नावाच्या गृहस्थाची होती, असं सांगतात. नाव हातभर लांब, अक्कल बोटभरही नाही. चालायला पालखी, जोडे चढवायलासुद्धा माणूस! आंजेलाबायला त्याने आफ्रिकेतून आलेल्या गलबतावरून विकत घेतलेलं. तेव्हा बावखल खारंच होतं, म्हणून ती लांबून घागरी आणून केळी शिंपायची. तोंडाने प्रार्थना चालूच. रविवारी मिस्सेला मात्र चर्चबाहेर उभी. का, तर साहेबाच्या नाकाला वास येतो म्हणे!

एका उन्हाळ्यात त्याने तिची मुलगी ब्रिजिता विकायला काढली. गलबत रविवारी सुटणार होतं. आंजेलाबायने त्याचे पाय धरले. तो हसला.

"तुझा देव ऐकतो ना तुझं? मग हे बावखल गोड करायला सांग त्याला. पोरगी सोडतो."

वर पालखीच्या भोयांसमोर क्रुसाची शपथ घेतली शहाण्याने.

ती काठावर गुडघे टेकून बसली. तीन दिवस पोटात अन्न नाही. शुक्रवारी सकाळी भोयांनी पाणी चाखलं, तर गोड! ते रडायलाच लागले. दोंसाहेब आला, घोटभर प्याला आणि थुंकला. "खारट!" खोटं बोलत नव्हता हो, त्याच्या तोंडाला खरंच खारट लागत होतं. मग घरचं पाणी खारट, शहाळं खारट, दारूसुद्धा खारट. शनिवारी जीभ सुजली तसा पालखी विसरून अनवाणी धावत आला आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून ओंजळ धरली.

मी असतो तर मेल्याला आत ढकलला असता. तिने पाणी घातलं. ते गोड लागलं. तिथेच त्याने ब्रिजितासकट सगळ्या गुलामांना मोकळं केलं. त्याला चांगुलपणा म्हणू नका. तहान होती ती!

आजही तिच्या सणाच्या दिवशी मालकाने इथे गुडघे टेकून ओंजळ धरायची आणि त्याच्याच मोलकरणीने पाणी घालायचं. गेल्या साली एक बंगलेवाला म्हणाला, "मी बाटलीतलंच पितो." त्याच्याकडे धुणीभांडी करणारी फिलोमिना कळशी खाली ठेवून म्हणाली, "बरं साहेब. तहान लागली की या."