काडीवरची वाट

फार वर्षांमागे उसाच्या बांधाखाली मुंग्यांचं एक वारूळ होतं. कुणी कुठल्या वाटेनं जायचं, हे फाट्यावर उभं राहून सांगायचं काम म्हाताऱ्या सगुणाकडे होतं. एका सकाळी पाटाला पाणी सुटलं आणि अंडी घेऊन आंब्याच्या बुंध्याशी पळायची वेळ आली.

वाटा दोन होत्या. जवळची वाट चरावर आडव्या पडलेल्या काडीवरून होती, आणि दुसरी बांधाला वळसा घालून, तिप्पट लांब.

"काडीवर एका वेळी दहाच जणी मावतात," सगुणा म्हणाली. "अर्ध्याजणी बांधानं जा, म्हणजे सगळ्याच पोचाल."

"मग माझीच अंडी लांबून का न्यायची, सगुणाकाकू?" पहिलीनं विचारलं. दुसरीनंही तेच विचारलं. सगळ्या काडीकडेच वळल्या.

पुढचीला हलता येईना, मागची थांबेना. सगुणा विनवत राहिली. अखेर काडी मोडली आणि सगळी रांग चरातल्या वाहत्या पाण्यात गेली.

फाट्यावर पडलेलं एक अंडं उचलून सगुणा एकटीच बांधानं निघाली. ती बुंध्याशी पोचली, तेव्हा वारुळात पाणी शिरायला अजून बराच अवकाश होता.